कानशीचे ओरखडे

वेल्डिंगच्या बेंड टेस्टची पट्टी, म्हणजे जोडातून कापलेला तुकडा, यंत्रातून १८० अंश वाकून बाहेर आली की आधी पुसून घ्यायची आणि ताणलेली बाजू उजेडात धरायची. ३ मिमीपेक्षा मोठी फट उघडली असेल तर नापास. जुलैतल्या त्या रविवारी, नवी मुंबईत महापेतल्या आमच्या वेल्डिंग शिकवायच्या शेडमध्ये, दादांची रूट-बेंडची, म्हणजे वेल्डचा तळ ताणून बघायची पट्टी जवळपास ६ मिमी उघडून बाहेर आली. दुसऱ्यांदा.

दादा रबाळ्यातल्या एका फॅब्रिकेशन शॉपमधले चौदा वर्षांचे वेल्डर, पण पगारपत्रकात अजून सेमी-स्किल्ड. थ्री-जीचा, म्हणजे उभ्या प्लेटच्या परीक्षेचा कागद हातात आला तर ठेकेदाराशी दराची गोष्ट तरी करता येईल, एवढ्यासाठी फर्स्ट शिफ्ट संपवून साडेसहाच्या बॅचला यायचे. त्यांचा फिलेट, म्हणजे काटकोनातला जोड, बघून बॅचमधली आयटीआयची पोरं गप्प बसायची.

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मी रजिस्टरमध्ये ‘ओलसर रॉड’ असा शेरा मारून मोकळा झालो होतो. पावसाळ्यात हे निदान सोपं पडतं, आणि बहुतेक वेळा खरंही असतं. ७०१८ जातीच्या वेल्डिंग रॉडचं आवरण हवेतला ओलावा ओढतं. उघड्यावर चार तासांपेक्षा जास्त राहिलेला रॉड साधारण ३०० अंशांवर दोन तास भाजायचा आणि नंतर १२०च्या वर तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचा. अर्ध्या शॉपमध्ये हा ओव्हन म्हणजे जेवणाचे डबे गरम करायची पेटी असते. तेव्हा दोष रॉडला दिला की कोणाचंच काही बिघडत नाही.

या वेळी मात्र रॉड मी स्वतः भाजून दिले होते.

मग भिंग घेऊन फटीत पाहिलं. ओलाव्याने धरलेली भोकं गोल असतात. ही सरळ रेघ होती, रूटच्या काठाला धरून. आणि आत, खाली, कानशीचे ओरखडे जसेच्या तसे दिसत होते. प्लेट तयार करताना दादांनी बेव्हलच्या, म्हणजे तिरप्या कापलेल्या कडेच्या, टोकाला दीड-दोन मिमीचा सपाट काठ (रूट फेस) कानशीने घासला होता, त्याचे. म्हणजे तिथला धातू वितळलाच नव्हता. वरून वेल्ड नुसता झाकणासारखा बसला होता. जागा मोजली तर बरोबर तीच, जिथे त्यांनी रूटमध्ये रॉड बदलला होता.

रूट पास, म्हणजे तळाचा पहिला थर, मधेच थांबवून पुन्हा सुरू करायला आम्ही मुद्दाम लावतो. वेल्डरच्या परीक्षेच्या आयएसओ ९६०६ या मानकातही ते आहेच, आणि पट्टी तिथूनच कापायची. १० मिमी प्लेट, ३ मिमी गॅप, अडीच मिमीचा रॉड, ८५ अँपिअरच्या आसपास. आर्क तोडला की मण्याचं, म्हणजे वेल्डच्या रेघेचं, टोक जाड राहतं आणि गार होतं. ते ग्राइंडरने दहा-बारा मिमी लांब उतरतं करायचं, कडेला पातीसारखं पातळ. मग नवा रॉड सेंटिमीटरभर खाली पेटवायचा, उतारावरून वर चढायचं आणि टोकाशी आला की आत दाबायचा. कीहोल, म्हणजे आरपार छोटं भोक, उघडलं, पलीकडून फुसफुस ऐकू आली, की पुढे. हा उतार नसेल तर त्या जाड टोकाला तापवण्यातच रॉडची ताकद संपते आणि मागची कड कोरी राहते.

‘‘दादा, इथे ग्राइंडर का नाही मारलात?’’

‘‘सर, ते हेल्पर करतो ना.’’

उत्तर देताना त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही क्षणभर वाटलं नाही. शॉपमध्ये ते रॉड बदलतात तेवढ्यात शेजारचा पोरगा चाक फिरवून टोक उतरवून मोकळा होतो. हा पोरगा आपल्या वेल्डचा अर्धा भाग करतो, हे चौदा वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. टेस्टच्या बूथमध्ये पोरगा नव्हता. त्यांनी स्लॅग, म्हणजे वेल्डवरची खपली, ठोकला, ब्रश मारला आणि सरळ रॉड पेटवला. ग्राइंडर बूथमध्येच होता, पण वेल्डर झालेल्या माणसाने चाक धरायचं म्हणजे एक पायरी खाली उतरणं, असा आपल्याकडचा हिशोब.

पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतलं आरपीएल, म्हणजे आधीच्या अनुभवाला मान्यता, अशाच माणसांसाठी आहे, आणि ते हवंच. पण काय येतं हे विचारताना शेजारी कोण उभा असतो, हे विचारायचं आम्हा कोणाच्याच डोक्यात नसतं. वीस वर्षांची पोरं कोरी येतात, त्यांना सगळंच शिकवावं लागतं, म्हणून ती सोपी. अनुभवी माणसाच्या कामातलं भोक दुसऱ्या कोणीतरी बुजवलेलं असतं, ते दिसतच नाही.

पुढचे आठ दिवस दादांनी एकही पूर्ण प्लेट मारली नाही. फक्त थांबा, टोक उतरवा, पुन्हा पेटवा. पहिल्या दिवशी चाक बेव्हलमध्येच घुसलं आणि गॅप पाच मिमी झाला. शिव्या दिल्या, चाकाला की मला, कळलं नाही. ऑगस्टमध्ये रूटची पट्टी दीड मिमी उघडली. पास. ती पट्टी हातात घेऊन ते बराच वेळ तो दीड मिमी बघत राहिले.

माझी अडचण वेगळीच आहे. त्याच रजिस्टरमध्ये आधीच्या दोन पावसाळ्यांत आणखी काही जणांपुढे माझ्याच अक्षरात ‘ओलसर रॉड’ लिहिलेलं आहे. त्यांतले बहुतेक अनुभवी होते, आणि परत आले नाहीत. त्यांच्या पट्ट्या तेव्हाच भंगारात गेल्या.