पढवलेले साक्षीदार

“मी सहसा कोणाच्याही कोर्सची शिफारस करत नाही, पण या वेळी अपवाद करावा लागतो आहे.” हे वाक्य मी लिहिले होते, पण ते माझ्या नावाने कधीच कुठे गेले नाही. काही वर्षांपूर्वी ईमेल मार्केटिंग शिकवणाऱ्या एका कोर्सच्या लाँचचे काम माझ्याकडे होते. त्या कामाचाच भाग म्हणून, कमिशनवर कोर्स विकून देणाऱ्या ‘अफिलिएट’ भागीदारांनी आपापल्या वाचकांना पाठवायचे पाच ईमेल मी तयार करून दिले होते. आमच्या व्यवसायात याला ‘स्वाइप’ म्हणतात. भागीदाराने तयार मजकूर उचलायचा, खाली आपले नाव घालायचे, आपली लिंक लावायची आणि पाठवून द्यायचा. लाँचच्या दिवशी सकाळी हे वाक्य चार वेगवेगळ्या लोकांच्या नावाने माझ्याच इनबॉक्समध्ये येऊन पडले. एकाने ‘सहसा’च्या जागी ‘शक्यतो’ केले होते. बाकी सगळे स्वल्पविरामासकट तसेच होते.

तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट, चौघांनाही फारसे काही बदलावेसे वाटले नाही याचा थोडा अभिमानच वाटला. वावगे वाटले ते पुढे काही आठवड्यांनी, आम्हा मार्केटिंगवाल्यांच्या एका ऑनलाइन गटात, या कामात नव्यानेच आलेल्या एका सदस्येने त्या कोर्सविषयी लिहिले तेव्हा. कोर्स वाईट नव्हता, पण तो ज्यांच्याकडे आधीच बऱ्यापैकी मोठी ईमेल-यादी, म्हणजे आपले ईमेल घेणाऱ्या वाचकांच्या पत्त्यांची यादी, आहे त्यांच्या उपयोगाचा होता, आणि तिच्याकडे यादीच नव्हती. रिफंडची मुदत उलटून गेली होती. घेण्याआधी चौकशी केली नव्हती का, असे कोणीतरी विचारले. तिने उत्तर दिले, “केली होती ना. तिघांनी वेगवेगळे सांगितले, म्हणून तर घेतला.”

तिघांनी वेगवेगळे सांगितले नव्हते. तिघांच्या तोंडून मी एकटी बोलले होते, आणि मी स्वतः तो कोर्स शेवटपर्यंत पाहिलेलाही नव्हता.

ऑनलाइन मार्केटिंगमधील नीतीची चर्चा निघाली की बोलणे बहुधा उघड खोटेपणावर येते: विकत घेतलेले रिव्ह्यू, कमाईचे बनावट स्क्रीनशॉट, दर आठवड्याला नव्याने सुरू होणारी ‘शेवटची संधी’. हे सगळे वाईटच आहे आणि त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण गेली काही वर्षे मी ज्या गटांत वावरते आहे, तेथील विश्वास अशा लबाडांनी पोखरलेला मला दिसत नाही. लबाड माणूस ओळखू येतो आणि त्याला बाहेर काढता येते. विश्वास पोखरला जातो तो एका माणसाचे म्हणणे दहा माणसांचे आहे असे भासवल्याने, आणि ते काम आमच्यातली सज्जन, अभ्यासू, एरवी मदतीला धावून जाणारी माणसे करतात. मीही केले.

साक्षीदार एकाहून अधिक का लागतात, याचा विचार केला तर हे स्पष्ट होते. एखाद्या अनोळखी माणसाने एखाद्या वस्तूची स्तुती केली तर आपण ती सावधपणे ऐकतो. त्याला न ओळखणारा दुसरा माणूस स्वतःच्या अनुभवावरून तेच सांगतो, तेव्हा आपली शंका बरीच कमी होते. दुसऱ्या साक्षीचे सगळे बळ ती पहिलीपासून स्वतंत्र असण्यात आहे. न्यायालयात दोन साक्षीदार शब्दन् शब्द सारखे बोलू लागले तर त्यांची विश्वासार्हता वाढत नाही, उलट ते पढवलेले असल्याचा संशय येतो. इंटरनेटवर मात्र आपण हे विसरतो, कारण चार ईमेल चार वेगळ्या वेळी, चार वेगळ्या नावांनी येतात आणि ते शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

विशेष म्हणजे इंटरनेटवरील विश्वासाचा सर्वांत मोठा हिशेब याच गृहीतकावर उभा राहिला. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना शोध-निकालांत पानांचा क्रम लावण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक ही एक शिफारस मानली होती, आणि शिफारस करणाऱ्या पानाचे वजन जितके जास्त तितकी ती शिफारस मोठी. लोक आपापल्या बुद्धीने लिंक देत होते तोवर हे गणित उत्तम चालले. लिंकला मोल आहे हे कळताच ती विकली जाऊ लागली, आणि मग मते मोजणाऱ्यालाच मतांवर पहारा ठेवावा लागला. 2005 च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन या शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली, म्हणजे अशी खूण असलेली लिंक शिफारस म्हणून धरायची नाही. 2012 च्या एप्रिलमध्ये गूगलने ‘पेंग्विन’ हा बदल आणून जमवलेल्या लिंकांच्या जोरावर वर चढलेल्या संकेतस्थळांना खाली ढकलले. त्याच वर्षी जानेवारीत गूगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरचे पान शोध-निकालांत काही काळ मागे टाकले होते, कारण क्रोमच्या जाहिरात-मोहिमेसाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात ‘नोफॉलो’ खूण नसलेली लिंक सापडली होती. स्वतःच्या पानालाही तोच नियम लावणे मला महत्त्वाचे वाटते, कारण आमच्या गटांत नेमके हेच होत नाही. परक्याने केले की ती फसवणूक ठरते आणि आपल्यातल्याने केले की ते सहकार्य ठरते.

या सहकार्यामागे परतफेड असते. माझ्या लाँचला तुम्ही ईमेल पाठवला, तुमच्या लाँचला मी पाठवीन. कोणी तसे लिहून घेत नाही आणि बहुतेकदा बोलूनही दाखवत नाही, पण हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर असेच होते. तेथे ग्राहक आणि विक्रेते एकमेकांना शेरे देत असत, आणि ते शेरे इतके एकमुखी चांगले असत की त्यांवरून काही ठरवणे कठीण जाई. वाईट शेरा दिला तर समोरचाही सूड म्हणून वाईट शेरा देईल, ही भीती त्यामागे होती. अखेर 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांना ग्राहकांविषयी प्रतिकूल शेरा देण्याची मुभाच काढून घेतली. तेथे निदान भीतीचे कारण डोळ्यांना दिसत होते. आमच्याकडे वाईट शेरा देणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. फक्त पुढच्या लाँचच्या वेळी त्याच्यासाठी कोणी ईमेल पाठवत नाही. ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’ हे आपण दोघांच्या परस्परस्तुतीला म्हणतो. येथे दोघांच्या जागी चाळीस जण असतात आणि बाहेरून पाहणाऱ्या नवख्याला ते चाळीस स्वतंत्र आवाज वाटतात. पोस्ट पडताच ठरलेल्या माणसांनी काही मिनिटांत लाइक आणि कॉमेंट करायचे ‘पॉड’ हाही त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की तेथे माणसाबरोबर अल्गोरिदमलाही फसवायचे असते.

कमिशनची रचना याला खतपाणी घालते. ॲमेझॉनचा अफिलिएट कार्यक्रम 1996 पासून चालू आहे आणि पुढे इतर अनेकांनी जवळपास तीच घडण उचलली. वाचकाने लिंकवर क्लिक केले की त्याच्या ब्राउझरमध्ये तो कोणाच्या लिंकवरून आला याची नोंद ठेवणारी एक कुकी बसते आणि ठराविक मुदतीत खरेदी झाली तर कमिशन मिळते. ॲमेझॉनवर ही मुदत साधारणपणे 24 तासांची असते. कोर्सच्या धंद्यात ती बरीच मोठी ठेवतात. बहुतेक ठिकाणी सगळे कमिशन शेवटची लिंक ज्याची त्याला जाते. म्हणजे एखाद्याने सहा महिने कोणाला विषय समजावून सांगितला, प्रश्नांची उत्तरे दिली आणि शेवटच्या रात्री दुसऱ्याने ‘माझ्या लिंकवरून घेतल्यास बोनस’ असा ईमेल टाकला, तर पैसे त्या दुसऱ्याला मिळतात. आणि ज्याने “तुम्हाला याची आत्ता गरज नाही, आधी यादी तयार करा” असे सांगितले, त्याला काहीही मिळत नाही. त्या सदस्येला कोणीतरी एवढेच सांगायला हवे होते. आमच्यापैकी निदान सहा-सात जणांना ते ठाऊक होते, आणि त्यांतल्या कोणाकडेच ते सांगण्याचे व्यावसायिक कारण नव्हते.

कायदा या दिशेने बराच पुढे आला आहे, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने शिफारशींविषयीची आपली मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये सुधारली, तेव्हा ऑनलाइन लिहिणाऱ्यांनाही आपले आर्थिक संबंध उघड करण्याची जबाबदारी स्पष्टपणे लागू झाली. 2023 मध्ये ती पुन्हा सुधारली गेली आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये खोट्या रिव्ह्यूंवर दंडाची तरतूद असलेला नियम जाहीर होऊन तो ऑक्टोबरपासून लागू झाला. शिफारस हे खरोखर त्या माणसाचे प्रामाणिक मत असले पाहिजे, हेही त्या तत्त्वांत आहे. पण मत कोणाचे हे बाहेरून तपासणार कोण? त्या चारही ईमेलच्या तळाशी “या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते” अशी ओळ होती. ती मीच घातली होती आणि तिचा मला आधारही वाटत होता. कमिशन उघड केले की आपण सुटलो, अशी आमच्या व्यवसायात सर्वांची समजूत आहे. वाचकाला मात्र कमिशनइतकीच दुसरी एक गोष्ट कळायला हवी होती, ती म्हणजे हे वाक्य त्या माणसाने लिहिलेले नाही.

यावर मला अनेकदा सांगितले जाते की जाहिराती नेहमी दुसऱ्यानेच लिहिलेल्या असतात. ते खरे आहे, आणि माझे पोट त्यावरच चालते. पण कंपनीच्या नावाने आलेली जाहिरात वाचताना ती कंपनी स्वतःविषयी बोलते आहे हे वाचकाला ठाऊक असते आणि तो त्या हिशेबानेच वाचतो. ‘मी वापरले’, ‘मला फायदा झाला’, ‘मी सहसा सांगत नाही’ ही वाक्ये वाचक वेगळ्या कानांनी ऐकतो. त्या ‘मी’च्या मागे एक ओळखीचा माणूस आहे, तो आपल्याच गटातला आहे आणि उद्याही येथेच भेटणार आहे, म्हणून तो विश्वास ठेवतो. ते सर्वनाम मी चार जणांना फुकट वाटले, आणि ज्यांनी ते घेतले त्यांनीही त्यात आपले काय गेले हे पाहिले नाही.

काय गेले ते उशिरा कळते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मध्यम भाव देतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्याच आधी बाजारातून निघून जातात. आमच्या त्या गटात मी हे जवळून पाहिले. दोन-तीन सदस्य असे होते की कोणी साधा प्रश्न विचारला तरी अर्धा तास खर्चून सविस्तर उत्तर लिहायचे, स्वतःच्या फसलेल्या मोहिमांचे आकडेही द्यायचे. ते भांडून गेले नाहीत. त्यांची उत्तरे हळूहळू आखूड झाली आणि मग बंद झाली. त्यांतल्या एकाला मी कारण विचारले. तो म्हणाला, “हल्ली मी एखादे साधन चांगले आहे म्हटले की खाली पहिला प्रश्न येतो, तुमची लिंक कुठे आहे? मग लिहायचे कशाला?” प्रश्न विचारणाऱ्याची यात चूक नव्हती, कारण आम्हीच त्याला तसे शिकवले होते.

मी आता भागीदारांसाठी प्रथमपुरुषी मजकूर लिहीत नाही. त्यामुळे दोन कामे गेली, आणि ती जाणे मला परवडले हेही नमूद केले पाहिजे. ज्याला परवडत नाही त्याला मी नावे ठेवणार नाही. गटात कोणी एखाद्या साधनाविषयी किंवा कोर्सविषयी विचारले तर मी मतापेक्षा आधी माझे नाते सांगते: किती दिवस वापरले, पैसे कोणी भरले, बनवणाऱ्याशी ओळख काय. मध्यंतरी माझ्या एका मैत्रिणीच्या कोर्सविषयी असाच प्रश्न आला. त्याखाली मी लिहिले की ती माझी मैत्रीण आहे, तिच्या कोर्सची दोन प्रकरणे मी तपासून दिली आहेत, बाकीचा कोर्स मी पाहिलेला नाही, तेव्हा माझे मत तिच्या मतापासून वेगळे धरू नये. संध्याकाळी तिचा फोन आला. ती दुखावली होती. “तू माझी बाजू घ्यायला हवी होतीस, निदान गप्प तरी बसायचेस,” ती म्हणाली. मी तिला त्या नव्या सदस्येची सगळी हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतली, पण तिला पटले असे मला वाटले नाही. त्यानंतर आम्ही बरेच दिवस बोललो नाही.

गेल्या महिन्यात तिच्या पुढच्या लाँचसाठी तिने मला पुन्हा विचारले. भागीदारांसाठी मजकूर न देता मी पाच प्रश्न लिहून दिले: कोर्समधले काय प्रत्यक्ष करून पाहिले, काय जमले नाही, हा कोर्स कोणी घेऊ नये, असे साधेच. बारा भागीदारांपैकी तिघांनी स्वतःच्या शब्दांत उत्तरे पाठवली. बाकीच्यांनी तयार मजकूर कधी मिळेल असे विचारले. त्या तिघांपैकी एकाने लिहिले होते की तिसरे प्रकरण कंटाळवाणे आहे आणि तो ते अर्ध्यावर सोडून पुढे गेला. हे काढून टाकायचे का, असे मैत्रिणीने मला रात्री विचारले. मी काही उत्तर देण्याआधीच तिचा दुसरा संदेश आला: राहू दे, ते प्रकरण मलाही लांबलेच आहे असे वाटत होते.