पॅरिसमध्ये जेवताना मी वाढणाऱ्यांकडे बघत होते

रेस्टॉरंटांना गुण देणाऱ्या 'मिशलिन' या फ्रेंच मार्गदर्शिकेचा तारा फक्त ताटातल्या पदार्थांना मिळतो. जिन्नसांचा दर्जा, स्वयंपाकाचं कसब, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप आणि दर वेळी तितकंच चांगलं जेवण, या पाच गोष्टी निरीक्षक पाहतात. झुंबरं, चांदीचे काटे-चमचे, वाढप यांना त्यात गुण नाहीत. 1926 पासून हे तारे दिले जाताहेत आणि खवय्ये त्यांच्या मागावर गावोगाव फिरताहेत. मला मात्र पॅरिसहून परतल्यावर ज्यांच्याबद्दल लिहायची ओढ लागली आहे, ती माणसं स्वयंपाकघरात नव्हतीच. ती बाहेर, जेवणाच्या दालनात उभी होती.

माझी मावसबहीण पॅरिसमध्ये राहते आणि खाण्याच्या बाबतीत आम्ही दोघी एकमेकींना शोभतो. या खेपेला संग्रहालयं कमी, जेवणं जास्त, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी ती मला पॅले-रॉयालच्या बागेत घेऊन गेली. चारही बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या, मधे ओळीत छाटलेली झाडं, आणि उत्तरेकडच्या ओवरीत 'ल ग्रां व्हेफूर'. 1784 साली 'कॅफे द शार्त्र' म्हणून सुरू झालेली ही जागा 1820 मध्ये व्हेफूर नावाच्या माणसाने घेतली आणि त्याचं नाव तिला कायमचं चिकटलं. भिंतींवर काचेखाली रंगवलेल्या स्त्रिया, फुलं, फळांच्या परड्या, आरसे आणि लाल मखमलीच्या बैठका. पण आम्ही तिथे आलो होतो ते या परिसरासाठी. आज आपण ज्याला रेस्टॉरंट म्हणतो ते अठराव्या शतकाच्या शेवटी याच आसपास आकाराला आलं.

त्याआधी खानावळी होत्याच. तिथे ठरलेल्या वेळी एका लांब टेबलाशी अनोळखी लोकांबरोबर बसायचं आणि जे पुढे येईल ते खायचं. उशिरा आलात तर उरलंसुरलं. रेस्टॉरंटने माणसाला स्वतःचं टेबल दिलं, किमतींसकट छापलेली यादी दिली आणि आपल्या सवडीने येऊन जेवायची मुभा दिली. 1780च्या दशकात इथून जवळच, रिशलिय रस्त्यावर, आंत्वान बोव्हिलिए या माणसाने आपलं दालन उघडलं. तो पूर्वी राजाच्या भावाच्या पदरी होता. त्याच्याकडे जेवलेल्यांनी त्याचं कौतुक करताना चार गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत: देखणं दालन, नीटनेटके वाढपी, निगुतीने राखलेलं वाइनचं तळघर आणि उत्तम स्वयंपाक. या चारांत स्वयंपाकाचा नंबर शेवटचा आहे. एकदोनदाच जेवून गेलेल्या गिऱ्हाइकाला तो वीस वर्षांनी ओळखायचा म्हणे. कुठला पदार्थ घ्या आणि कुठल्याच्या वाटेला जाऊ नका, हे तो स्वतः टेबलाशी येऊन सांगायचा. म्हणजे हा धंदा जन्मला तेव्हापासून त्याचा निम्मा भाग चुलीपाशी नाही, तर टेबलापाशी आहे. हे कळल्यावर पुढची सगळी जेवणं मी वेगळ्या नजरेने पाहिली.

पहिलं मोठं जेवण 'ल त्रां ब्ल्यू'मध्ये झालं. ते गार द ल्यों या रेल्वे स्थानकाच्या आत, फलाटांच्या डोक्यावर आहे. खाली गाड्यांच्या घोषणा, धावपळ, चाकांच्या बॅगा. दुहेरी जिना चढून वर गेलं की समोर सोनेरी नक्षीचं उंच छत आणि त्यात एक्केचाळीस चित्रं. बरीचशी इथून निघणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या गावांची आणि समुद्रकिनाऱ्यांची, जणू प्रवाशाला जेवतानाच मुक्काम दाखवून ठेवलाय. 1901 मध्ये राष्ट्राध्यक्ष लूबे यांच्या हस्ते याचं उद्घाटन झालं. तेव्हा हा स्थानकाचा उपाहारकक्ष होता, आत्ताचं नाव 1963 मधलं, भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या प्रसिद्ध निळ्या गाडीवरून ठेवलेलं. पुढे हे पाडायचं घाटत होतं. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो त्याच्या बाजूने उभे राहिले आणि 1972 मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

छताकडे बघून मान दुखायला लागली तेव्हा माझं लक्ष शेजारच्या टेबलाकडे गेलं. चाकांच्या गाड्यावर भाजलेली मेंढीची तंगडी आली होती. वाढप्याने सुरी हातात घेतली आणि पातळ, एकसारखे काप उतरवले. ना घाई, ना आविर्भाव. प्रत्येक काप ताटलीत ठेवताना तो मांसाकडे बघत होता आणि बोलत होता पाहुण्यांशी. मांस कापणं हे पूर्वी यजमानाचं काम होतं आणि ते न येणं कमीपणाचं मानलं जायचं. सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडून ठेवायची जुनी फ्रेंच पद्धत मागे पडली, एकामागून एक ताटली आणायची रशियन पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि कापण्याची कला यजमानाकडून वाढप्याकडे गेली. पुढे बऱ्याच ठिकाणी ती स्वयंपाकघरातच गडप झाली. आता ताटली आतूनच सजून येते आणि वाढप्याच्या हातात फक्त नेण्या-आणण्याचं काम उरतं. म्हणून जिथे अजून टेबलाशी काहीतरी घडतं ती ठिकाणं मला मोलाची वाटतात.

जेवण संपलं, कॉफीही संपली, तरी बिल येईना. बहिणीने सांगितलं, मागितल्याशिवाय ते येणारच नाही. न मागता बिल पुढ्यात ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. इथे तुम्ही टेबल घेतलंत की ते त्या वेळेपुरतं तुमचं. ज्याला सतत पळायची सवय आहे त्याला सुरुवातीला चुळबूळ होते. पण एकदा अंग सैल सोडलं की कळतं, मोठ्या शहरात पैसे देऊन मिळणाऱ्या गोष्टींत निवांत वेळ ही किती दुर्मीळ चीज आहे.

हे सगळीकडे टिकलेलं नाही. एका बऱ्याच गाजलेल्या, नाव घेत नाही अशा ठिकाणी आम्हाला संध्याकाळी सातची वेळ मिळाली होती आणि नऊला टेबल रिकामं करायची अट होती. पदार्थ सुरेख होते. पण तिसरी ताटली संपायच्या आत चौथी दारात उभी होती, आणि प्रत्येक ताटलीबरोबर एक तरुण मुलगी घटकांची यादी एका दमात म्हणून जायची. तिचा दोष नाही. तिला तेवढंच शिकवलं होतं. असं पुढे पुढे ढकललेलं जेवण कितीही कल्पक असलं तरी मी त्याला उत्तम म्हणणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाला 'बुयों शार्तिये'. 1896 चं, भल्यामोठ्या काचेच्या छताचं, रोज गर्दीने ओसंडणारं स्वस्त भोजनालय. आधी टेबल राखून ठेवायची सोय नाही, अंगणात रांग लावायची. काळं जाकीट आणि पांढरा लांब एप्रन घातलेले वाढपी तुम्हाला दोन अनोळखी माणसांशेजारी बसवतात, ऑर्डर टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितात आणि शेवटी हिशेबही तिथेच करतात. भिंतीत लहान लहान क्रमांकित खण आहेत. रोजचे गिऱ्हाईक आपापला रुमाल त्यांत ठेवून जात असत. इथे निवांतपणा मिळत नाही, पण आमचा वाढपी तोंडाने मागच्या टेबलाला उत्तर देत देत आमचं पाणी न मागता भरत होता. तेही कसबच.

आणि मग आर्पेज. रोदँच्या संग्रहालयाजवळ, वारेन रस्त्यावरचं एक छोटं, बाहेरून साधंसं रेस्टॉरंट. आलँ पासार यांनी ते 1986 मध्ये सुरू केलं आणि 1996 मध्ये तिसरा, म्हणजे सर्वोच्च तारा मिळवला. भाजलेल्या मांसासाठी नावाजलेल्या या माणसाने 2001 मध्ये तांबडं मांस यादीतून काढून टाकलं. तेव्हा पुष्कळांनी कपाळाला हात लावला, पण तारे टिकले. मग त्यांनी स्वतःच्या भाजीच्या बागा उभ्या केल्या, आणि 2025 मध्ये मध सोडून सगळं जेवण वनस्पतीजन्य केलं. शाकाहारी वाचकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे: तीन ताऱ्यांच्या जेवणात तुम्हाला बाजूला काढून दिलेली पर्यायी ताटली घ्यायची नसेल तर पॅरिसमध्ये याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आम्ही दुपारी गेलो. करड्या जाड मिठाच्या ढिगाऱ्यात अख्खं भाजलेलं बीट टेबलाशी आणून दाखवलं, मग ते फोडून, कापून वाढलं. वाफेबरोबर ओल्या मातीचा वास आला. मिठाचा कण नाही, पण गोडवा असा घट्ट झालेला की वर टाकलेल्या मुरलेल्या व्हिनेगरच्या थेंबांखेरीज त्याला काही नको होतं. हे बीट कुठल्या बागेतलं, तिथली माती कशी, हे आमच्या वाढप्याने सांगितलं ते पाठ केलेलं नव्हतं. बहिणीने मधेच प्रश्न विचारला तेव्हा तो थांबला, विचार केला आणि उत्तर दिलं. दोन पदार्थांमधलं अंतर तो आमच्याकडे बघून ठरवत होता. आम्ही बोलण्यात रंगलो की तो आत जाऊन काहीतरी खूण करायचा आणि पुढचा पदार्थ थबकायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शेफ एस्कोफिए यांनी स्वयंपाकघराची लष्करी शिस्तीत विभागणी केली हे सगळे सांगतात. दालनातही तशीच उतरंड असते. वर दालनाचा प्रमुख मेत्र दोतेल, मग ठरावीक टेबलं सांभाळणारा शेफ द रां, त्याच्या हाताखाली ताटल्या वाहणारा कोमी, आणि वाइनसाठी सोमेलिए. या साखळीतला एकही दुवा ढिला पडला तर आतल्या शेफची मेहनत ताटलीतच थंड होते.

'तूर दार्जां' या रेस्टॉरंटबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. सहाव्या मजल्यावर खिडकीबाहेर सेन नदी आणि आगीनंतर पुन्हा उभं राहिलेलं नोत्र-दाम कॅथेड्रल. तळघरात तीन लाखांवर बाटल्या. 1940 मध्ये जर्मन फौजा यायच्या आत त्यांतल्या उत्तमोत्तम बाटल्या भिंत बांधून दडवल्या गेल्या. आणि बदक. 1890 पासून इथल्या प्रत्येक बदकाला क्रमांक मिळतो. 2003 मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. बदकाचा सापळा चांदीच्या यंत्रात पिळून त्या रसाचा सॉस करायचा, आणि हे काम दालनातला माणूस करतो. चव मला जरा जड वाटली. पण यंत्राचा दांडा फिरवणाऱ्या त्या मध्यमवयीन गृहस्थांचे हात मी अजून विसरले नाही.

फ्रान्समध्ये 1924 पासून उत्कृष्ट कारागिरांची एक अतिशय अवघड राष्ट्रीय स्पर्धा होते. तिच्यात जिंकलेले शेफ गळ्याशी तिरंगी पट्टी मिरवतात. तसा मान वाढणाऱ्यांसाठीही आहे, मेत्र दोतेल आणि टेबल-कलेसाठी वेगळी शाखा आहे. आपण मात्र शेफची नावं तोंडपाठ करतो आणि ज्याने तीन तास आपली काळजी वाहिली त्याचं नावही विचारत नाही. मी या वेळी विचारलं, प्रत्येक ठिकाणी.

आता जायचं ठरवलंच असेल तर काही कामाच्या गोष्टी. रात्रीचा टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेली छोट्या छोट्या पदार्थांची मालिका, तीन ताऱ्यांच्या ठिकाणी माणशी तीनशे-चारशे युरोंच्या पलीकडे सहज जातो. त्याच स्वयंपाकघराचं दुपारचं जेवण बरेचदा पुष्कळ कमी पैशांत मिळतं, म्हणून दुपार निवडा. मोठी ठिकाणं शनिवार-रविवार बंद असू शकतात आणि ऑगस्टमध्ये कित्येक जण सुट्टीवर जातात. टेबल कित्येक आठवडे आधी घ्यावं लागतं. त्या वेळी कार्डाचा तपशील देणं भाग असतं आणि ऐनवेळी रद्द केलंत तर पैसे कापले जातात. आत शिरताना आधी 'बोंजूर' (नमस्कार), मग बाकीचं. बाटलीचं पाणी नको असेल तर 'काराफ दो' मागा. नळाचं पाणी फुकट देणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते मागितल्याने कुणी तुम्हाला कमी लेखत नाही. यादीतल्या किमतीत सेवाशुल्क धरलेलं असतं, त्यामुळे टीप ऐच्छिक. आम्हाला जिथे मनापासून वाटलं तिथे दिली, नऊला उठवणाऱ्या ठिकाणी नाही दिली.

आणि त्या दिवशी दुपारनंतर दुसऱ्या कशाचंही तिकीट काढू नका.