तुम्ही विचारलंत म्हणून: काळाला दिशा असते का?

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत गणपतीत कॅरमच्या स्पर्धा असतात. मी बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळे तिथे हमखास कुणीतरी विचारतं, "बाई, काळाला खरंच दिशा असते का? मागे का जाता येत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून, समोरच्या बोर्डावरच सांगते.

दोन सोंगट्यांची टक्कर, तेवढीच, मोबाइलवर टिपा आणि उलटी चालवा. सुलट कुठली, उलट कुठली, ओळखता येणार नाही. न्यूटनचे नियम आपल्या 'परवा'सारखे आहेत: परवा आले होते, परवा येईन, शब्द दोन्हीकडे तोच. (१९९८ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत केऑन नावाच्या कणांत या समानतेला बारीक तडा दिसला, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.) आता ब्रेकचा व्हिडिओ उलटा चालवा. विखुरलेल्या सोंगट्या धावत येऊन राणीभोवती नीट बसतात! पाच वर्षांचं पोरही म्हणेल, हे खोटं.

नियम तेच, मग फरक कुठून आला? ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये उत्तर मोजणीत शोधलं. राणी बाजूला ठेवा. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या पिशवीत हलवून एका ओळीत मांडा. रंगांच्या ४८,६२० वेगवेगळ्या ओळी होतात. काळ्या सगळ्या एकीकडे आणि पांढऱ्या दुसरीकडे, अशा फक्त २. या झाल्या अठरा सोंगट्या. कपभर चहात एकावर चोवीस शून्यं यांहून जास्त रेणू असतात. त्यात मिसळलेलं दूध पुन्हा वेगळं होईल याची वाट कोण बघणार?

इथवर पटलं की लोक उठतात. मला त्यांना हाताला धरून बसवावंसं वाटतं, कारण खरी गंमत पुढेच आहे. बोल्ट्झमन यांचे सहकारी योहान लोश्मिट यांनी १८७६ मध्येच विचारलं होतं की नियमांना दिशा नाही, तर त्यांतून ती निघेल कशी? बोल्ट्झमन यांची मोजणी या शंकेचंच उत्तर होती, तरी शंका पुरती मिटली नाही. अर्धवट विखुरलेला बोर्ड बघून तीच मोजणी मागच्या बाजूला लावा. ती म्हणेल, आधीही सोंगट्या जास्तच विस्कटलेल्या असणार. आपल्याला माहीत असतं की तसं नव्हतं. आधी त्या रिंगणात रचलेल्या होत्या.

म्हणजे नुसती मोजणी पुरत नाही, सुरुवात रचलेली होती हेही धरावं लागतं. विश्वाचंही तसंच: सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी ते कमालीच्या कमी एन्ट्रॉपीच्या (एन्ट्रॉपी म्हणजे विस्कटलेपणाचं माप) अवस्थेत होतं. माझ्या मते दिशा काळात नाहीच, ती त्या सुरुवातीकडून आलेली आहे. सुरुवात तशी का होती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

म्हणून कुणी पोर ब्रेकआधी राणीभोवती सोंगट्या लावायला बसलं की मी खेळापेक्षा तेच बघत उभी राहते.