वेस्ट पॉइंटला मुलींची मॅच बघायला जाताय? गॅरिसनला उतरू नका

मी कोल्हापूरला शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. ऑक्टोबरात ताईकडे न्यू जर्सीत एडिसनला गेले होते, तेव्हा वेस्ट पॉइंटच्या, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या अकॅडमीच्या, मुलींच्या टीमची मॅच बघायचीच असं आधीच ठरवलेलं. न्यूयॉर्कचे दोन दिवस मस्त गेले, त्याबद्दल काही लिहीत नाही. सगळी बोंब गॅरिसनला.

ताईच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं, ग्रँड सेंट्रलवरनं हडसन लाइनची ट्रेन घ्या, गॅरिसनला उतरा, अकॅडमी समोरच आहे. समोरच आहे, खरंय, करड्या दगडाचा किल्लाच दिसतो, पण मधे आख्खी हडसन नदी आणि तिथं पूलच नाही! पूल बेअर माउंटनला, म्हणजे या काठानं खाली दक्षिणेला जायचं, नदी ओलांडायची आणि त्या काठानं तेवढंच परत वर यायचं. स्टेशनवर आम्ही दोघीच, ॲपवर पंचवीस मिनिटं एक गाडी मिळेना, शेवटी फोन करून टॅक्सी बोलावली तर त्यानं भाडं सांगितलं ते पोचल्यावर, ८० डॉलर. आमच्या दोघींच्या ट्रेनच्या तिकिटांपेक्षा जास्त. ताई भांड भांड भांडली, पाच डॉलर कमी केले फक्त. बसायच्या आधी भाडं ठरवाच. त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटी बस स्टँडवरनं अकॅडमीला लागून असलेल्या हायलँड फॉल्स गावची बस घ्या, ती योग्य काठाला सोडते, येताना आम्ही तीच घेतली.

भारतीय पासपोर्ट असेल तर तो सोबत हवाच, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. लष्करी ठाणं आहे, गेटबाहेर आधी पास काढावा लागतो. आमची त्यात चाळीस मिनिटं गेली आणि पहिल्या हाफची वीस मिनिटं हुकली, याचं मला अजून वाईट वाटतंय. आत चढही भरपूर आहे.

पण मॅच! तिथल्या कॉलेज सॉकरमधे (फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात) घड्याळ उलटं पळतं, ४५ वरनं शून्याकडे. आणि दुसऱ्या हाफमधे बाहेर काढलेली पोरगी एकदा परत आत येऊ शकते, त्यामुळे कोच त्यांना दमेपर्यंत पळवतात. आर्मीची (वेस्ट पॉइंटच्या टीमचं हेच नाव) लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडची डिफेंडर, एकदा क्रॅम्प येऊन पडली, साइडलाइनला बसून दोन्ही मोजे खाली केले, पोटऱ्या स्वतःच चोळल्या, आणि दहा मिनिटांनी परत आत येऊन शेवटपर्यंत समोरच्या टीमच्या विंगरला कडेनं गोलसमोर एकही क्रॉस मारू दिला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपल्यावर सगळ्या दमलेल्या पोरी ताठ उभ्या राहून अकॅडमीचं गाणं म्हणाल्या.

या मुलींना चार वर्षं फी नाही, पण नंतर पाच वर्षं सैन्यात नोकरी. क्लास, कवायत आणि वर ही प्रॅक्टिस. इथं मुलींना १९७६ मधे प्रवेश मिळाला, १९८० ला ६२ जणी पास झाल्या. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतनं पहिल्या १७ जणी मे २०२५ मधे बाहेर पडल्या. माझ्या टीममधल्या दोघी तो फॉर्म भरणार आहेत, त्यांना मी लगेच त्या लेफ्ट बॅकचा व्हिडिओ पाठवला.

परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा आणि जाड जॅकेट न्याच. आम्ही अंधारात, नदीवरच्या वाऱ्यात तासभर बसलो होतो.