तुम्ही विचारलंत म्हणून: चष्मा लेसरनं घालवावा का?

इंदुरात हा प्रश्न मुख्यतः दोन निमित्तांनी येतो. घरात लग्न ठरलं की, आणि भंवरकुआंला क्लास लावलेल्या मुलांनी भरतीचा फॉर्म भरायला घेतला की. "साडेचार नंबर आहे, लेसर करून टाकू का? आणि कोणत्या मशीननं करू?" मशीनचं सध्या बाजूला ठेवा, त्याची पाळी शेवटी येते. आधी कॉर्निया मोजायचा. लेसर कॉर्नियाचा थर काढून नंबर घालवतो, आणि काढलेला थर पुन्हा भरून येत नाही.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरची पारदर्शक काच. मध्यभागी तिची जाडी सरासरी 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त. मायनस नंबर उतरवायचा तर ही काच मध्ये चपटी करावी लागते, आणि एका नंबरामागे साधारण 12 ते 16 मायक्रॉन जातात. लॅसिक या लेसरच्या नेहमीच्या पद्धतीत त्याआधी वरचा 100 ते 120 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. समजा नंबर उणे सहा आहे. सहा गुणिले पंधरा म्हणजे नव्वद, अधिक फ्लॅपचे 110, एकूण 200. कॉर्निया 540 चा असेल तर खाली 340 उरतात आणि हे ठीक आहे. तोच नंबर 480 च्या कॉर्नियावर असेल तर 280 उरतात. फ्लॅप परत बसवला तरी तो भार पेलत नाही, म्हणून त्याच्या खाली किमान 250 राहायलाच हवेत. सावध सर्जन 300 धरतात. शिवाय 480 पैकी 200 म्हणजे जवळजवळ 42 टक्के. हा आकडा चाळिशीच्या पुढे गेला की कॉर्निया पुढे कधीतरी फुगत जाण्याचा धोका वाढतो. सिलिंडर, म्हणजे कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे लागणारा नंबर, असेल तर तोही मिळवा: उणे पाचवर उणे एकचा सिलिंडर म्हणजे हिशेबाला सहाच.

पण जाडी चांगली असूनही आकार बिघडलेला असू शकतो, आणि आमच्या मते खरा निर्णय इथेच होतो. केराटोकोनस या आजारात कॉर्निया हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्यावर लेसर मारला तर नजर सुधारायची सोडून बिघडते. ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळणारी मुलं, दरवर्षी ज्यांचा सिलिंडर वाढतो अशी मुलं, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे असे सगळे या संशयात येतात. पेंटाकॅमसारख्या तपासणीत कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचाही नकाशा निघतो. सुरुवातीची खूण बऱ्याचदा तिथेच सापडते, म्हणून तो नकाशा डॉक्टरांकडून समजावून घ्या. तपासणीआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स निदान एक-दोन आठवडे आणि सेमीसॉफ्ट लेन्स तीन-चार आठवडे बंद हवी. नाहीतर लेन्सच्या दाबानं बदललेला आकारच मोजला जातो आणि पुढचं सगळं गणित चुकतं. "लग्न पंधरा दिवसांवर आलंय, आजच तपासा" असं म्हणणाऱ्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं.

वय अठरा पूर्ण हवं, आणि वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त हललेला नसावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं, त्या काळात नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, ती डोळे कोरडे करते. लहानपणापासून एक डोळा आळशी असेल तर लेसरनं त्याची नजर वाढत नाही. मग चांगल्या डोळ्याला धोका पत्करायचा का, याचा दहादा विचार करा. बेचाळिशीत येणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगावी लागते: दूरचा चष्मा गेला तरी वाचायचा लागणारच. उलट मायनस नंबरवाले चष्मा काढून जवळचं वाचतात, ती सोय लेसरनंतर जाते.

आता मशीनकडे येऊ. पीआरके या पद्धतीत फ्लॅप नसतो, कॉर्नियावरची पातळ त्वचा काढून थेट लेसर मारतात. तीन-चार दिवस दुखतं, डोळ्यातून पाणी येतं, नजर स्थिर व्हायला काही आठवडे जातात. पण पातळ कॉर्नियाला आणि कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांना हीच जास्त सुरक्षित, कारण धक्क्यानं सरकायला फ्लॅपच नाही. लॅसिकमध्ये दुसऱ्या दिवशीच स्पष्ट दिसतं. स्माइल या पद्धतीत दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून आतली चकती काढतात. कॉर्नियाच्या नसा कमी कापल्या जातात, म्हणून कोरडेपणा सहसा कमी. नंबर फार मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल तर डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, म्हणजे आयसीएल, हा वेगळा मार्ग आहे. पुढे गरज पडली तर ती काढता येते.

भरतीवाल्यांनी आधी जाहिरात वाचा, मग डोळ्यांच्या दवाखान्यात जा. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी लेसर केलेले डोळे चालतच नाहीत.

दोन्ही डोळे मिळून वीसेक मिनिटांत आटोपतं. थेंबांनी डोळा बधिर करतात. लॅसिक आणि स्माइलमध्ये सक्शन लागताना दाब जाणवतो, काही सेकंद अंधारून येतं. घाबरू नका, समोरच्या दिव्याकडेच बघत राहा. नंतर सगळ्यात जपायचं ते चोळण्यापासून. आठवडाभर झोपताना डोळ्यांवर शील्ड लावा. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर गुलालाचे ढग उडतात, म्हणून तारीख तिच्यापासून निदान महिनाभर लांब ठेवा. मालव्यातला कोरडा उन्हाळा आणि एसी यांत डोळे खरखरतात. कृत्रिम अश्रूंचे थेंब तीन ते सहा महिने लागू शकतात, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. रात्री बायपासवर समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती वलयं दिसतील. बहुतेकांची काही महिन्यांत कमी होतात, पण अंधारात बाहुली फार मोठी होत असेल तर राहूही शकतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर धुरकट होऊ लागली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

चष्मा गेला तरी उणे सहाचा डोळा आतून लांबच राहतो आणि पडदा ताणलेलाच असतो. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. आणि शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी, त्याची वक्रता हे कागद घरातल्या सोन्याच्या पावत्यांबरोबर ठेवा. लेसरनंतर डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. आणि साठीला मोतीबिंदू काढायची वेळ आली की आत बसवायच्या लेन्सचा नंबर ठरवताना डॉक्टर पहिल्यांदा हेच कागद मागतील.