चौकटीतून टेबल

जुन्या लाकडाचं टेबल स्वस्तात होतं, असं सांगणाऱ्याने ते बहुधा स्वतः केलेलं नसतं. लाकूड स्वस्त मिळतं, हे खरं. पुण्यात वाडे उतरवले जातात, मुंबईत चाळी पुनर्विकासाला जातात, आणि दारं, चौकटी, कडीपाटाच्या (जुन्या लाकडी छताच्या) फळ्या ट्रकमध्ये भरून बाजारात येतात. पण घनफुटामागे वाचलेले पैसे खिळे काढणाऱ्या हातांना द्यावे लागतात. हात आपलेच असले तर रविवार द्यावे लागतात.

नव्या लाकडाच्या दुकानात आपण चित्र घेऊन जातो. इथे आधी लाकूड बघायचं आणि चित्र मागाहून काढायचं. समजा, लिहायचं टेबल करायचं आहे आणि दाराची एक सागवानी चौकट मिळाली. उभे खांब 7 फुटी, जाडी 4 बाय 3 इंच. यातला खालचा सहा-आठ इंच भाग धरायचाच नाही. वर्षानुवर्षं फरशी धुतल्याचं पाणी त्याने प्यायलेलं असतं. दार बसण्यासाठी मारलेली खाच 4 इंचांपैकी दीड इंच खाते, म्हणजे उरले अडीच. रंधा मारून सव्वादोन इंची चौरस पाय निघतो. एका खांबातून 28 इंचांचे दोन पाय, दोन खांबांतून चार. शिवाय प्रत्येक खांबाचा साधारण 20 इंचांचा तुकडा उरतो. तो उभा चिरला की टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या, पायांना जोडणाऱ्या 3 इंच रुंद पट्ट्या होतात. टेबलाची रुंदी 2 फूट ठेवायची का अडीच, हा प्रश्न त्या तुकड्याने परस्पर मिटवलेला असतो.

लांबीच्या पट्ट्या दारातून काढाव्यात. पॅनेलच्या दाराच्या उभ्या पट्ट्या 4 इंच रुंद आणि दीड इंच जाड असतात. आतल्या कडेला पॅनेल अडकवायची चर असते, ती कापून टाकली की सव्वातीन इंच स्वच्छ लाकूड हाती येतं. मात्र मधल्या आडव्या पट्टीची कूस, म्हणजे भोकात बसणारं टोक, जिथे आरपार बसवलेली असते, ते भोक नेमकं आपल्या मापात येतं. चुकवता येत नाही. त्याच लाकडाचा ठोकळा डिंक लावून ठोकायचा आणि ती बाजू खाली ठेवायची. टेबलाखाली वाकून बघणारा पाहुणा एकतर सुतार असतो, नाहीतर त्याचं पेन पडलेलं असतं.

माथ्याला, म्हणजे टेबलाच्या वरच्या फळीला, कडीपाटाच्या फळ्या उत्तम. 8 इंची तीन फळ्या, लांबी 4 फूट. सव्वा इंचाची फळी घेतली तर वाक, कुऱ्हाडीचे घाव आणि धुराचा थर काढून सात सूत जाडी उरते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). 28 इंचांचा पाय आणि वर सात सूत, म्हणजे एकोणतिसाला एक सूत कमी. बसून लिहायला ही उंची बरोबर आहे. गुडघ्यांसाठी 25 इंच मोकळे राहतात, म्हणून खण बसवायचा मोह आवरावा. 4 इंचांचा खण आला की मांड्या घासल्याच. तयार टेबलात सव्वा घनफुटापेक्षा थोडं कमीच लाकूड असतं, पण आणायचं दोन घनफूट. बाकीचं सडकं, चिरलेलं आणि भुसा.

विकत घेताना कोपरा चाकूने खरवडून वास घ्यावा. साग चामड्यासारखा, तेलकट वास देतो आणि बोटाला किंचित मेणचट लागतो. घनफुटाला साधारण 18 किलो भरतो. त्याहून बराच जड तुकडा असेल तर तो ऐन किंवा साल या झाडांचा असू शकतो. मजबूत खरा, पण रंध्याच्या पात्याचा शत्रू. फळीच्या फिकट कडेला बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर आत किडा जिवंत आहे. ती कड कापून काढावी, आणि पूड गाभ्यापर्यंत गेली असेल तर फळी तिथेच सोडावी. विक्रेता ‘उन्हात ठेवा, जाईल’ म्हणतो. किडा जात नाही.

आता खिळे. सगळं काम इथेच अडतं. डोकं दिसतं तो खिळा सोपा: टोक पलीकडे आलेलं असेल तर आधी टोकाकडून हातोडी मारायची, डोकं वर येतं, मग पक्कड. डोकं तुटलेला खिळा दिसत नाही. चुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवावं, काळा डाग असेल तिथे दोनदा. सागातली द्रव्यं आणि लोखंड ओलाव्यात भेटले की लाकूड काळं पडतं, आणि तो डागच खिळ्याची चुगली करतो. सॉ मिलमध्ये पात्याला खिळा लागला तर पात्याचे पैसे आपल्या बिलात येतात, आणि ते योग्यच आहे. उडालेला दात कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो.

दारावर रंगाचे थर असतील तर ते कोरडे घासू नयेत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत आणणारा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरात लागू झाला, आणि हे दार त्याच्या कितीतरी आधीचं आहे. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, मास्क लावावा, लहान मुलांना लांब ठेवावं, कचरा पिशवीत बांधावा.

‘शंभर वर्षांचं लाकूड, आता काय हलणार?’ हा गैरसमज फार लाडका आहे. लाकूड किती का जुनं असेना, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दोन फुटांच्या माथ्यात सूत-दीड सुताचा फरक पडतो. चिरल्यावर आतला ताण सुटून ते वाकतं, ते वेगळंच. म्हणून चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून दोन-तीन आठवडे घरात रचून ठेवाव्यात, मगच शेवटचा रंधा. माथा खाली स्क्रूने आवळताना भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करावीत. गोल भोकांत घट्ट आवळलेला माथा पहिल्या उन्हाळ्यातच मधून तडकतो, आणि दोष डिंकाला दिला जातो.

डिंकाचाही एक हट्ट असतो. सागाच्या तेलावर तो धरत नाही. जोडाच्या कडा थिनरच्या फडक्याने पुसून, सुकल्या की लगेच डिंक लावून शिकंजे (जोड दाबून धरणारे चिमटे) लावावेत. फार आवळले तर सगळा डिंक बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो.

खिळ्यांची भोकं बुजवायची की ठेवायची, यावर लोक भांडतात. ठेवावीत, ती सुंदर दिसतात. फक्त लिहिताना कागद येतो तेवढा भाग बुजवावा, नाहीतर पेनचं टोक कागदातून आरपार जातं. भुसा आणि डिंक कालवून केलेला, भोकं बुजवायचा लगदा लाकडापेक्षा गडद होतो, त्यामुळे त्याच फळीच्या बारीक खुंट्या बऱ्या. फ्रेंच पॉलिश सुरेख दिसतं, पण गरम चहाच्या कपाने त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं. लिहिण्याच्या टेबलाला 180 नंबरचा पॉलिश पेपर मारून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात पुरतात, मध्ये एकेक दिवस सोडून. तेलाची फडकी मात्र चुरगाळून डब्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेटतातही. दोरीवर एकेक मोकळी वाळत घाला, आणि पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात टाका.