तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रीकांच्या थडग्यांवर काय वाचता?

"बाई, जन्मभर संस्कृत शिकवलंत, आता ही ग्रीक थडगी कुठून काढलीत?" जुना विद्यार्थी भेटला की हे विचारतोच. शेजारच्या काकू जरा दबकत विचारतात, "रोज सकाळी मेलेल्यांची नावं वाचायची, मनाला कसं वाटतं हो?" दोघांना उत्तर एकच आहे, पण ते जिन्यात उभ्याउभ्या देता येत नाही. म्हणून लिहिते.

मला त्या दगडांवर घरं दिसतात, आणि ती विभक्तीतून दिसतात. तीस वर्षं मी फळ्यावर प्रथमा, द्वितीया, षष्ठी लिहिली. निवृत्तीनंतर पुस्तकं समोर ठेवून ग्रीक शिकले, तेव्हा त्या ओळखीच्या निघाल्या. थडग्यावरचा मजकूर दोन-चार शब्दांचा असतो. त्यात कोण कर्ता, कोण कर्म, कोण कुणाची, एवढं कळलं तरी घराचं दार किलकिलं होतं.

षष्ठीपासून सांगते. अथेन्सच्या जुन्या वेशीबाहेर केरामेइकोस नावाचं दफनस्थान आहे. 1870 मध्ये तिथे एक शिळा सापडली. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीची. खुर्चीवर एक बाई बसली आहे, समोर दासी डबा धरून उभी आहे, आणि बाईने डब्यातून एक दागिना उचलला आहे. दागिना नुसता रंगवलेला होता. रंग उडाला, आता तिची बोटं रिकाम्या जागी काहीतरी नाजूक धरून आहेत. वर लिहिलंय, 'प्रोक्सेनोसची हेगेसो'. बस, एवढंच.

मराठीतल्या 'ची'सारखीच ही षष्ठी आहे. मुलगी की बायको, ते ती सांगत नाही. बहुतेक अभ्यासक मुलगी मानतात. शिळा उभी होती ती मात्र कोरोइबोस नावाच्या माणसाच्या घराण्याच्या जागेत, म्हणून ती त्याची बायको असावी असा तर्क आहे. तो बरोबर असेल, तर वडिलांचं नाव घेऊन ही बाई सासरच्या आवारात बसली आहे आणि नवऱ्याचं नाव दगडावर नाही. इतर कित्येक बायकांच्या दगडांवर दोन्ही नावं सापडतात, अमक्याची मुलगी, तमक्याची बायको.

पुरुषाच्या नावाची रीत ठरलेली होती. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. देक्सिलेओस, लिसानियासचा, थोरिकोसचा. आपल्याकडे थोरिकोसकर झालं असतं. हा विशीतला घोडेस्वार इ.स.पू. 394 मध्ये कोरिंथच्या लढाईत पडला. त्याच्या दगडावर जन्माचं वर्ष आणि मृत्यूचं वर्ष, दोन्ही कोरलेली आहेत. अथेन्समध्ये अशी नोंद एरवी आढळत नाही. युद्धात पडलेल्यांना नगराच्या खर्चाने एकत्र पुरायचे. म्हणजे अस्थी सार्वजनिक थडग्यात, आणि हा दगड घरच्या जागेत, जिथे पुढे भावंडांचीही नावं आली. नगराने सन्मान केला तरी घरच्यांना त्याची जागा घरच्यांतच हवी होती.

आणि ज्याच्या नावापुढे षष्ठीच नाही? नुसतं एक नाव, आणि त्यापुढे 'ख्रेस्तोस' किंवा 'ख्रेस्ते', म्हणजे गुणाचा, गुणाची, उपयोगाची. अथेन्समध्ये असा दगड बहुधा गुलामाचा असतो. बाप नाही, गाव नाही. त्या दगडांपुढे मी जास्त वेळ थांबते, कारण तिथे आणखी वाचायला काही ठेवलेलंच नाही.

आता अँफारेते नावाच्या एका आजीकडे येते. मी अथेन्सला गेले ती तिच्यासाठीच. केरामेइकोसच्या गवतात कासवं फिरत असतात, ओढा वाहतो, आणि शेजारच्या छोट्या संग्रहालयात अँफारेते बसलेली आहे. हा दगड 1932 मध्ये सापडला. तिच्या डाव्या हातावर शालीत गुंडाळलेलं तान्हं आहे. उजव्या हातात तिने एक छोटा पक्षी धरलाय, बाळाने बघावा म्हणून, आणि बाळ त्याच्याकडे हात करतंय. हा खेळ आपल्या प्रत्येक घरात झालेला आहे. वरच्या ओळी मी माझ्या भाषेत अशा लावते :

'माझ्या लेकीचं हे लाडकं लेकरू मी घेऊन आहे. आम्ही जिवंत होतो, डोळ्यांनी उन्हाचा उजेड बघत होतो, तेव्हा मांडीवर घ्यायचे, तसंच. आता ते गेलेलं, मी गेलेली, तरी मी त्याला घेऊन आहे.'

शेवटच्या ओळीत दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, 'फ्थिमेनोन फ्थिमेने'. एकच शब्द, आधी द्वितीयेत, मग प्रथमेत. गेलेल्याला, गेलेली. मध्ये एक अक्षरही नाही. शिल्पात आजीने बाळाला जसं पोटाशी धरलंय, तसंच व्याकरणात धरलंय. त्या अक्षरांवरून मी हवेतच बोट फिरवत होते आणि पुढची ओळ दिसेना, इतके डोळे भरून आले. बाळाचं नाव दगडावर नाही, त्याच्या बापाचंही नाही. 'लेकीचं लेकरू' एवढीच त्याची ओळख. पुस्तकं सांगतात की अथेन्समध्ये मूल बापाच्या घराण्याचं. इथे ते आजोळचं आहे.

फ्रासिक्लेइया ही लग्नाआधीच गेलेली मुलगी, या दगडाच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधीची. ती बोलते ते एवढंच : 'मला कायम कुमारीच म्हणतील, लग्नाऐवजी देवांकडून हे नाव माझ्या वाट्याला आलं.' तिचा पुतळा 1972 मध्ये अथेन्सजवळच्या मेरेंदा इथे खड्ड्यात पुरलेला सापडला, अंगावर दागिने आणि हातात कमळाची कळी. लग्नात घालायचं ते आईबापांनी दगडात घातलं, असं मला तो बघताना वाटतं.

मेलित्ता ही दाई, दूध पाजणारी. तिचा दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिने सांभाळलेली हिप्पोस्त्राते तिला हाक मारून म्हणते, 'दाई, जिवंत होतीस तेव्हा तू मला आवडायचीस, आता जमिनीखाली आहेस तरी तुला मानते, आणि जगेन तोवर मानत राहीन.' ही संबोधन विभक्ती. रक्ताचं नातं नसताना इतकी मोठी हाक.

पण खरं उत्तर अजून राहिलंच आहे. ते अथेन्सला नाही, लिडियात आहे.

लिडिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. तिथल्या कुला गावाभोवतीची जमीन ज्वालामुखीची, काळी. ग्रीक तिला 'जळका मुलूख' म्हणत. रोमन साम्राज्याच्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत, तिथल्या खेड्यांतली माणसं थडग्यांवर ग्रीकमध्ये लिहीत. वर कोरलेलं पानांचं कडं, खाली वर्ष, महिना, तारीख, आणि मग नाव-नातं, नाव-नातं अशी ओळ. आई, बाप, भाऊ, काका, मामा, घरात वाढवलेलं परकं मूल. कधी दहा-बारा जण, कधी त्याहून जास्त. शेवटी क्रियापद, 'एतेइमेसान', सन्मान केला. म्हणजे इथे गेलेला माणूस द्वितीयेत आहे आणि घर कर्ता आहे. सगळं गोत वाक्याच्या प्रथमेत येऊन उभं राहतं.

त्या यादीत एकदा 'दाएर' वाचलं. नवऱ्याचा भाऊ. संस्कृतात देवृ, मराठीत दीर. 'हेकुरा', म्हणजे श्वश्रू, सासू. मूळच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो, सप्तचं हेप्ता होतं तसं. नणंदेचा शब्द तेवढा वेगळा, 'गालोस'. आणि मग 'इआनातेर'. दिराची बायको. संस्कृतात यातृ. अमरकोशात आहे, 'भार्यास्तु भ्रातृवर्गस्य यातरः स्युः परस्परम्', भावाभावांच्या बायका एकमेकींच्या यातर. त्याच यातृची मराठीत जाऊ झाली. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या चोविसाव्या सर्गात हेलन मेलेल्या दिरासाठी, हेक्टरसाठी रडते, तेव्हा दीर, नणंदा, जावा, सासू अशी सगळी यादी घेते. इंग्रजीत नणंद आणि जाऊ दोघींना एकच शब्द पडतो. मराठीत मला प्रत्येकीसाठी शब्द शोधावा लागला नाही, जिभेवर होता.

तो शब्द वाचला त्याच्या आदल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. एकतीस वर्षं आम्ही एका ओट्यावर स्वयंपाक केला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेक-शेगडी त्यांनी केली. त्यांच्या शेवटच्या सहा महिन्यांत त्यांची वेणी मी घातली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या : 'त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' रीतच तशी आहे, त्यात कुणाची चूक नाही. पण त्या परिवारात जाऊ नव्हती. दहाव्याला घाटावरही मी मागच्या रांगेत होते.

आणि लिडियातल्या कुठल्याशा खेड्यात, सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी, एका जावेने आपलं नाव आणि 'जाऊ' हा शब्द दगडावर घालून घेतला होता. पाथरवटाने तो नवऱ्याच्या आणि मुलांच्या नावांसारखाच, त्याच मापाच्या अक्षरांत कोरला होता.

त्या दिवशी वहीचं नवं पान काढलं. वर पानांचं कडं काढलं, जमेल तसं. खाली त्यांच्या धाटणीने वर्ष, महिना, तिथी लिहिली, अक्कांना द्वितीयेत ठेवलं, आणि कर्त्यांची यादी केली : नवरा, मुलगे, सुना, नातवंडं, दीर, जाऊ.